बिनउंबऱ्याचं घर

कोबा वाळला, की सावळाराममामा आधी चहा घ्यायचे नाहीत. तांब्याभर पाणी मागायचे. ते कोब्याच्या मधोमध ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. पाणी ज्या कोपऱ्यातनं जायला पाहिजे त्याच कोपऱ्यातनं गेलं, की मिशी पुसून म्हणायचे, "आना आता च्या." नाही गेलं, तर पहार घेऊन तिथल्या तिथे कोबा फोडायचे. आमच्या मोरीचा कोबा त्यांनी असा दोनदा फोडला. मी चिडले होते. मला राग यायला फार काही लागत नाही, आणि त्या दिवसांत आमच्याकडे पाहुणे यायला नुकती सुरुवात झाली होती. मी म्हटलं, थोडं पाणी साचलं तर काय बिघडतं, फडक्यानं पुसून घेऊ. ते पहार चालवत राहिले.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, कारण पानशेतच्या पाण्याकाठी पुणेकरांनी बांधलेल्या निम्म्या बंगल्यांना त्यांचा हात लागलाय. मी लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. मी त्यांचं दोनदा वाईट केलं. एकदा चारचौघांत आणि एकदा गुपचूप. गुपचूप केलेलं जास्त वाईट होतं.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या सासूबाई त्यांना राखी बांधायच्या, म्हणून माझ्या नवऱ्याचे ते मामा, आणि मी त्यांची सूनबाई. सासूबाई गेल्यावरही राखीपौर्णिमेला ते नारळ घेऊन यायचे आणि त्यांच्या फोटोपुढे ठेवून जायचे. इतर मालकांशी ते हटून बसत, "असं बांदनार न्हाई" म्हणून थापी गुंडाळून निघून जात. माझ्यापुढे मात्र नमतं घ्यायचे. ह्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

त्यांची वाडी पानशेतच्या वर, वेल्ह्याच्या बाजूच्या उतारावर. तीसेक घरं आणि भाताची खाचरं. खाचरांत भागेना म्हणून चौदाव्या वर्षी ते भाटघरला एका नातलगाच्या हाताखाली माल कालवायला गेले आणि तिथंच गवंडीकाम शिकले. मग दहा-बारा वर्षं पुण्यात मोठ्या इमारतींवर होते. तिथं जीव रमला नाही. सांगायचे, "सातव्या मजल्यावर भिंत बांदली. तिच्यात कोन ऱ्हातंय ठावं न्हाई. पानी मुरतंय का, हे कुनाला इचारू?" म्हणून परत आले. बांधलेल्या घरासमोरून दर पावसाळ्यात चालत जाता आलं पाहिजे, असं त्यांना वाटायचं. आणि ते खरंच जायचे. छत्री घेऊन दारात उभे राहायचे आणि विचारायचे, गळतंय का कुठं? एकुलती एक मुलगी हिर्डोशीला दिलेली, घरी ते आणि रतनमामी दोघंच.

आमचं जेवणाचं ठिकाण त्यांनीच बांधलं. मागे चार खोल्या, पुढे लांब ओटा, ओट्यावर आठ टेबलं, आणि टेबलावर बसलं की समोर धरणाचं पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात अंगणातनं ओढा वाहतो, म्हणून जोतं अडीच फूट उंच, चढायला पाच पायऱ्या. इथं सगळ्यांची जोती अशीच. उंच जोतं म्हणजे घर भक्कम, असंच आम्ही लहानपणापासून मानत आलो.

आता माझी करणी सांगते. आमच्या ठिकाणाचं नाव मी मोबाईलवर चढवलं, तेव्हा तिथं एकामागून एक प्रश्न आले. गाड्या लावायला जागा आहे का? वायफाय आहे का? व्हीलचेअर आत येते का? मी सगळ्यांना 'हो' दाबलं. वायफायही नव्हतं. मला वाटलं, हे कोण तपासायला येतंय.

जानेवारीतल्या एका रविवारी भोरहून फोन आला. माधुरी नावाच्या बाई बोलत होत्या. शाळेच्या ऑफिसात नोकरी, अपघातानंतर बारा वर्षं व्हीलचेअरवर. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. वर चढायला रॅम्प आहे का, आणि संडासाचं दार केवढं आहे. मी म्हटलं, या हो, सगळं आहे. त्या म्हणाल्या, भाटघरचं धरण माझ्या घरापासून जवळ आहे, पण पाण्याकडे बघत बसावं अशा प्रत्येक ठिकाणी पायऱ्या आहेत. बारा वर्षांत मी पाण्याकडे बघत जेवले नाही. पुढच्या रविवारी येते. फोन ठेवल्या ठेवल्या मी मामांना निरोप धाडला.

मामा सोमवारी सकाळीच आले. पायऱ्यांच्या बाजूची जागा वितीनं मोजली, मग टेपनं मोजली. मग म्हणाले, "सूनबाई, खुर्ची बगितल्याबिगर कसा बांदू? चाक केवडं असतंय?" मी तेव्हा भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, गाडी चढते तसाच बांधा की. गाडीला दोन चाकं, हिला चार. उलट सोपं.

आमच्याकडे हा उतार घरोघर असतो. संध्याकाळी मोटारसायकल ओट्यावर घ्यायची म्हणून पायऱ्यांना लागून एक अरुंद, उभा चढ करतात, आणि पावसात टायर घसरू नये म्हणून त्यावर आडव्या खाचा मारतात. मामांनी असे शेकड्यानं केले असतील. तरी त्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, "एकदा फोन करून इचारता का त्या बाईंना?" मी म्हटलं, मामा, आता पुरे. त्यांनी बांधला. सहा फूट लांब, बोटभर खोल खाचा, कडा दोरी लावून सरळ. शनिवारपर्यंत रोज दोनदा येऊन त्यावर पाणी मारलं. शेवटी तांब्या ओतून बघितला. पाणी झकास उतरलं.

रविवारी ते धुतलेला सदरा घालून आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. आपलं काम कसं चालतंय ते बघायला. ओटा माणसांनी भरलेला होता. माधुरीबाईंची खुर्ची त्यांच्या भावानं, प्रशिकनं, गाडीतून काढली आणि उताराला लावली. बाईंनी एकदा उताराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. प्रशिक म्हणाला, ढकलतो मी, होईल. दोन हात वर गेली असेल, तोच पुढची दोन छोटी चाकं खाचेत अडकली. त्यानं जोर लावला. खुर्ची आडवी फिरली आणि बाई कोपरावर पडल्या. टेबलांवरची माणसं धावली. कुणी बगलेत हात घातला, कुणी पाय धरले, आणि त्यांना तशाच उचलून ओट्यावर आणू लागले. त्या हळू आवाजात सारखं एकच म्हणत होत्या, मला खाली ठेवा. दोनतीन वेळा म्हटल्यावर लोकांना ऐकू गेलं.

खुर्चीत बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही फोनवर हो म्हणाला होतात." सगळा ओटा माझ्याकडे बघत होता. ओशाळले की मी दुसऱ्यावर ओरडते, ही माझी लहानपणापासूनची खोड. मी मोठ्यानं म्हटलं, "मी नीट सांगितलं होतं हो. पण ह्या गवंड्यांना कितीही समजावा, ते आपल्याच डोक्यानं बांधणार."

मामा दहा पावलांवर होते. त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, सूनबाई, तुमीच तर सांगितलं. ते पुढे आले, बाईंच्या खुर्चीजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "म्या बांदलाय बाई. माझं चुकलं. चाक बगू का?"

बाईंच्या कोपरातून रक्त येत होतं. तरी त्या ब्रेक लावून थांबल्या. मामांनी पुढचं चाक वितीनं मोजलं, जाडी बोटांनी मोजली, मागच्या मोठ्या चाकावरून हात फिरवला, मग दोन चाकांतलं अंतर घेतलं. बाईंनी त्यांना सांगितलं, एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, मग मला कुणी ढकलावं लागत नाही. "येकाला बारा," मामा पुटपुटले. पुन्हा एकदा पुटपुटले. बाई जेवल्या नाहीत. पिठलं-भाकरी बांधून दिली तीही त्यांनी घेतली नाही. आमच्या संडासाचं दार दोन फुटांचं होतं, हे त्यांना कळायची वेळच आली नाही.

सोमवारी मी उठायच्या आत मामांनी उतार फोडून टाकला होता. रविवारबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि भांडून मोकळी झाले असते. त्यांनी अंगणात चुन्याची फक्की मारली, पाया आखताना मारतात तशी. अडीच फुटाला तीस फूट. भिंतीकडेनं पंधरा फूट, मग वळायला सपाट जागा, मग परत पंधरा. आखून झाल्यावर म्हणाले, "आठ दिस द्या."

मी अंगणाकडे बघितलं. तीन गाड्या लावायची जागा जात होती. रविवारी पानशेतला गाडी लावायला जागा नसली, की माणूस पुढच्या ठिकाणी जातो. मी म्हटलं, मामा, मे संपू दे. मे संपल्यावर म्हटलं, पावसात कुठं कोबा घालता. फक्कीच्या रेघा गाड्यांच्या चाकांखाली कधीच पुसल्या होत्या.

मामा माझ्यासाठी थांबले नव्हते. त्यांनी होळीनंतर आपल्या घरापुढे तसा उतार बांधायला घेतला होता. त्यांचं जोतं दीड फुटाचं, म्हणून अठरा फूट. फणसापासून थेट दारापर्यंत. जिथं मामी नाचणी वाळत घालायच्या ती सगळी जागा गेली. वाडीत व्हीलचेअरवरचं माणूस एकही नाही. लोक विचारायचे, मामा, कुणासाठी? ते सांगायचे, "माझ्यासाठी. मला शिकायचं हाय."

शिकायला त्यांनी खुर्चीही मिळवली. वाडीतल्या सखूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, त्यांची खुर्ची त्यांच्या मुलाकडे माळ्यावर पडून होती. ती मामांनी आणली, चाकांना तेल घातलं आणि स्वतः तीत बसले. धडधाकट माणसानं मेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसायचं, हे आमच्याकडे कुणाला सोसणार? मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पोरं उताराच्या कडेला बसून हसायची. मामा हातांनी चाकं फिरवत वर जायचे, घसरत खाली यायचे. मग त्यांच्या लक्षात यायला लागलं. कडेला चार बोटं उंच बांध नसेल तर चाक बाहेर जातं. वर दारापाशी फिरायला पाच फूट सपाट जागा लागते, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागं येते. कोबा फार गुळगुळीत केला तर ओल्यात घसरतो, आणि फार खरबरीत केला तर मनगटं दुखतात. अर्धा उतार त्यांनी दोनदा फोडला. आमच्या मोरीसारखाच.

आणि मग उंबरा. वर पोचल्यावर पुढचं छोटं चाक घराच्या उंबऱ्याला अडलं. तो उंबरा मामांच्या वडलांनी बसवलेला, ऐनाच्या लाकडाचा. मामी लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी तो धुऊन त्यावर हळदकुंकू वाहत होत्या. मामांनी तो उपटून काढला. मामी रडल्या. म्हणाल्या, बिनउंबऱ्याचं घर असतंय का कुठं, लक्षुमी कुठनं येनार आता? मामा म्हणाले, "लक्षुमीला पाय हायेत. ती कशीबी येईल." दुसऱ्या दिवसापासून मामींनी उंबऱ्याच्या जागी जमिनीवरच रांगोळीची एक रेघ ओढायला सुरुवात केली, आणि हळदकुंकू तिच्यावर वाहू लागल्या.

हे सगळं मला आमच्याकडे भाजी द्यायला येणाऱ्या गेनबानं सांगितलं. तो हसत होता. मीही हसले, हे लपवत नाही.

एप्रिल संपता संपता मामा आले. ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, त्या भोरच्या बाईंना फोन लावा. म्हनावं, माज्याकडं जेवाया या. कुनी उचलनार न्हाई, कुनी ढकलनार न्हाई. त्या चढल्या वर, की माझं काम झालं." मी म्हटलं, लावते.

नंबर माझ्याकडे होता. 'भोर व्हीलचेअर' ह्या नावानं ठेवलेला. त्या बाईंचं नाव लिहून ठेवायचंही मला सुचलं नव्हतं. संध्याकाळी मोबाईल हातात घेतला आणि खाली ठेवला. बाई आल्या असत्या, तर मामांशी बोलल्या असत्या. तो उतार कुणाच्या सांगण्यावरून तसा झाला, हे कधी ना कधी निघालं असतं. मामांनी मुद्दाम सांगितलं नसतं, पण बाईंनी विचारलं असतं तर ते खोटं बोलले नसते. मला माझी अब्रू वाचवायची होती. दुसरं काही कारण नव्हतं.

आठ दिवसांनी मामांनी विचारलं, लावला का? मी म्हटलं, लावला. बाई कामात आहेत. मामा म्हणाले, "व्हय, शाळंत ह्या दिसांत लई काम असतंय." मी न मागता त्यांनी माझ्या खोट्याला टेकू दिला. पुढच्या वेळी मी सांगितलं, त्या गावाला गेल्यात. जूनमध्ये सांगितलं, पाऊस संपल्यावर बघते म्हणाल्या. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे आणि म्हणायचे, येतील.

शाळेला सुटी रविवारी, म्हणून बाई आल्या तर रविवारीच येणार, असं त्यांनी धरलं होतं. दर रविवारी सकाळी ते खराट्यानं तो अठरा फूट उतार झाडायचे. आमच्याकडचा पाऊस असा, की पंधरा दिवसांत कोब्यावर शेवाळ धरतं. ते शनिवारी विटेच्या तुकड्यानं घासून काढायचे. रविवारचं काम त्यांनी घेणं बंद केलं होतं. एका बंगल्याचं छत भरायचं होतं, मालक पुण्याहून रविवारीच येऊ शकत होता. मामांनी ते काम सोडलं. ह्यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी फोन लावला असता का? लावला असता असं मला म्हणावंसं वाटतं, पण खात्रीनं म्हणता येत नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, पाऊस गेला." मी म्हटलं, हो मामा, आज लावते. त्या दिवशी आमच्याकडे चाळीस पानं उठायची होती. दुसऱ्या दिवशी मी विसरले. ह्या वेळी खरंच विसरले.

दिवाळी झाल्यावर भात कापताना मामांच्या छातीत कळ आली. दुपारची वेळ होती. वाडीतल्या लोकांनी खाचरातून उचलून घरी आणलं, गाडी बोलवेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला मी गेले. अंगणात माणसं बसली होती. मी तो उतार पहिल्यांदा बघितला. मला त्यातलं काही कळत नाही, पण तो एवढा सावकाश वर जात होता, की चढ आहे हेच लक्षात येत नव्हतं. बाजूच्या तीन पायऱ्यांनी मी वर गेले. मामी म्हणाल्या, "सूनबाई, तुमी एवडे फोन केलेत, पर त्या बाईंचं काय येनं झालं न्हाई. जाऊ द्या, त्यांच्याबी अडचनी असत्याल." मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, मी रडतेय. मी रडत नव्हते, मला तोंड लपवायचं होतं.

घरी येऊन मी फोन लावला. माधुरीबाईंनी मला लगेच ओळखलं. मी सांगितलं, गवंडीमामा गेले. त्यांनी आपल्या घरी उतार बांधलाय, तुम्ही यावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी विचारलं, कधी बांधला? मी म्हटलं, एप्रिलमध्ये. त्या म्हणाल्या, "मला का नाही कळवलं? मी त्याच आठवड्यात आले असते. माझं चाक हातानं मोजून बघणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही."

जानेवारीत, पडल्या त्याला बरोबर वर्ष होत होतं तेव्हा, त्या प्रशिकबरोबर वाडीत आल्या. रविवारच होता. प्रशिकनं खुर्ची फणसाखाली मांडली आणि हात मागे बांधून उभा राहिला. बाईंनी चाकांना हात घातला. सगळी वाडी बघत होती, आणि कुणी पुढे आलं नाही. त्या मध्ये एकदाही थांबल्या नाहीत. वर पोचल्या, सपाट जागेवर वळल्या, आणि दारापाशी येऊन मात्र थबकल्या. समोर मामींनी सकाळीच ओढलेली रांगोळी होती. मामा गेल्यापासून तिच्यावर हळदकुंकू नसायचं, नुसती पांढरी रेघ. बाई म्हणाल्या, रांगोळी मोडेल. मामी आत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोडू द्या. तुमी यावं म्हनून तर त्यांनी उंबरा काडला."

चाकं रेघेवरून आत गेली. मामींनी त्यांना सगळं घर दाखवलं. चुलीपाशी नेलं, मागच्या दारी नेलं. मोरीचं दारही मामांनी रुंद करून ठेवलं होतं. जेवायला वाढताना मामी म्हणाल्या, सूनबाईंनी तुम्हाला किती वेळा फोन केले, पण तुम्हाला सवड झाली नाही. जिवंतपणी येणं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. बोलण्यात राग नव्हता. माधुरीबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग त्या मामींना म्हणाल्या, "हो मामी. माझ्याकडूनच राहून गेलं."

आधी एका माणसानं माझं ओझं उचललं होतं, आता दुसरीनं उचललं, आणि मी भाकरी मोडत राहिले.

निघताना त्या फणसाखाली थांबल्या. प्रशिक गाडी वळवत होता. त्या मला म्हणाल्या, "मी मामींनी वाढलेल्या ताटावर बसून तुम्हाला खोटं पाडलं नाही, एवढंच. खरं काय ते तुम्ही सांगा."

गाडी गेल्यावर मी परत वर गेले. मामी दारात बसल्या होत्या. रांगोळीच्या रेघेत चाकांच्या दोन खुणा होत्या आणि मामी त्या खुणांकडेच बघत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोनचं सांगितलं, आणि त्याआधीचंही सांगितलं, की गाडीसारखा उतार बांधा असं मीच म्हणाले होते. मामी म्हणाल्या, "दर रविवारी त्ये धुतलेला सदरा घालून हितं बसायचे. म्या म्हनायची, कशाला मळवताय." आणि मग, "झाडायचं त्यांचं काम व्हतं. माझ्यानं आता वाकवत न्हाई. रविवारी तुमी येत जावा."

रविवारी आमच्याकडे आठवड्याची सगळी गर्दी असते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. मामींना ते कळलं असावं. म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. म्हनून तर रविवारी."

तेव्हापासून मी जाते. आमच्या अंगणातही आता तीस फुटांचा उतार आहे, मानसिंग गवंड्यानं मामांच्या उताराची मापं घेऊन बांधलाय. संडासाचं दार रुंद केलंय. मोबाईलवरचं ते 'हो' आता खरं आहे. बाईंचा नंबर 'माधुरीबाई, भोर' म्हणून ठेवलाय. त्यांना मी दोनदा बोलावलं. त्या नम्रपणे बोलल्या, पण आल्या नाहीत. आमच्या ओट्यावर बसून धरणाचं पाणी त्यांनी अजून बघितलेलं नाही.

गेल्या रविवारी झाडून झाल्यावर मी मामींना विचारलं, मामांना कधी माझी शंका आली होती का? आली असती तर मला थोडं हलकं वाटलं असतं. मामी सूप घेऊन नाचणी पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "न्हाई. तुमची शंका त्यांना कदीच आली न्हाई." मी खराटा भिंतीला उभा केला आणि पायऱ्यांनी खाली उतरले.